चुकलेली बस

ऑक्टोबरातल्या एका सकाळी, हिमाचलातले खनाग गाव मागे टाकून जलोडी जोत या खिंडीकडे निघालेल्या रस्त्यावर, मी एका अनोळखी आजींशी खोटे बोललो. खोटे अगदी किरकोळ होते, त्याने कोणाचे काही बिघडले नाही आणि ते बोलायला विचारही करावा लागला नाही. प्रवासाहून परतल्यावर सायकल धुतली, साखळीला तेल दिले, फोटो ज्यांना दाखवायचे त्यांना दाखवून झाले आणि मग ते फोटोही मोबाइलच्या तळाशी गेले. ते एक वाक्य मात्र दाढेत अडकलेल्या सुपारीच्या कणासारखे अजून जिभेला लागते.

झाले ते असे. आम्ही चौघे पुण्याहून आलो होतो, पण चढावर चौघांचे चार वेग होतात आणि त्यांतला सर्वांत कमी वेग नेहमी माझा असतो. बाकीचे तिघे दोन-तीन वळणे वर निघून गेले होते. माझ्यापुढे रस्त्यावर फक्त गवताचा एक भारा चालत होता. जवळ गेल्यावर भाऱ्याखालचा किल्टा दिसला, म्हणजे तिकडची पाठीवर घ्यायची खाली निमुळती होत गेलेली बांबूची टोपली. किल्ट्याखाली चौकड्यांचा लोकरी पट्टू, डोक्याला फुलाफुलांचा धाटू आणि पायांत निळे प्लास्टिकचे बूट. मी त्या आजींना गाठले, त्यांच्या पुढे गेलो, पुढच्या वळणावर श्वास घ्यायला थांबलो, तोवर त्या येऊन मला ओलांडून गेल्या. असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी त्यांनीच रस्त्याच्या कठड्याला पाठ लावून किल्टा त्यावर टेकवला, पट्ट्यातून खांदे सोडवले, माझ्याकडे, मग सायकलीकडे, मग तिच्या मागे बांधलेल्या पिशव्यांकडे नीट पाहिले आणि विचारले, "बस नहीं मिली, बेटा?"

"नहीं माताजी, छूट गई," मी म्हणालो.

त्यांनी जीभ टाळ्याला लावून हळहळल्याचा आवाज काढला. मग पट्टूच्या घडीतून दोन अक्रोड काढले, कठड्यावर ठेवून विळ्याच्या पाठीने एकेका ठोक्यात फोडले आणि माझ्या हातावर ठेवले. नवे अक्रोड होते, आतली साल अजून ओलसर आणि किंचित कडवट होती. अकरा वाजता दुसरी बस येईल, ती बंजारला जाते, असे त्यांनी मला सांगितले, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात जी काळजी होती ती पन्नाशी ओलांडलेल्या माणसाबद्दल नव्हती, तर परगावी अडकलेल्या पोराबद्दल होती. मी मान डोलावली. त्या थोडे वर जाऊन एका पायवाटेने डावीकडे वळल्या आणि गवताचा भारा झाडीत नाहीसा झाला.

खरे उत्तर साधे होते. बस होती, तिकिटाचे पैसेही होते, सकाळी आनीहून निघताना मी ती बस स्थानकावर उभी असलेलीही पाहिली होती, आणि तरीही मी आपखुशीने सायकल रेटत होतो. पण ज्यांच्या पाठीवर तीस-पस्तीस किलो ओले गवत आहे त्यांना आपखुशीने म्हणजे काय, हे कुठल्या शब्दांत सांगायचे? 'शौक' हा शब्द हिंदीत आहे आणि तो मला येतही होता. तो ओठांपर्यंत आला आणि किल्ट्याच्या पट्ट्याने त्यांच्या खांद्यावर पट्टूला पडलेला चर पाहून परत गेला.

चढावर इतका विचार करायला वेळ मिळतो हे ज्यांनी डोंगरात सायकल चालवलेली नाही त्यांना कदाचित पटणार नाही. लोकांच्या मनात माउंटन बायकिंग म्हणजे उड्या, चिखल आणि वेग. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग मुंगीच्या गतीने जातो. माझ्या सायकलीला पुढे २२ दात्यांची लहान चकती आहे आणि मागे सर्वांत मोठी ३४ दात्यांची. पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की मागचे चाक एक फेरादेखील पूर्ण करत नाही, जेमतेम दोन-तृतीयांश फिरते, आणि सायकल दीड मीटरच्या आत पुढे सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले, आणि त्या उंचीवर तेवढे मारता आले तर देव पावला म्हणायचे, तर वेग होतो ताशी पाच किलोमीटर. सकाळी पर्वतीच्या पायथ्याला फिरायला येणारे निवृत्त लोक याहून वेगाने चालतात. इतक्या सावकाश जाताना तोल सांभाळणे हेच निम्मे काम होऊन बसते: उभे राहून जोर द्यावा तर मागचे चाक खडीवर फिरून घसरते, मागे रेलावे तर पुढचे चाक उचलले जाते, म्हणून खोगिराच्या अगदी टोकावर बसून, छाती हँडलवर टाकून, डोळे पुढच्या दोन हातांच्या डांबरावर ठेवून जावे लागते. कपाळावरचा घाम नाकावरून वरच्या नळीवर पडतो. तो किती वेळाने पडतो हेसुद्धा आपण मोजू लागतो. मला त्या आजींशी बोलता आले ते याच गतीमुळे. माझे तिघे मित्र त्यांच्यापाशी थांबलेच नव्हते, त्यामुळे खोटे बोलण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

नकाशावर ज्याला जलोरी पास म्हटले आहे त्याला तिथले लोक जलोडी जोत म्हणतात. जोत म्हणजे खिंड. तो ३,१२० मीटरवर आहे. त्याच्या दक्षिणेला सतलजच्या बाजूचा बाहरी सराज, उत्तरेला बियासच्या बाजूचा भीतरी सराज, आणि दोन्ही सराज एकाच कुल्लू जिल्ह्यात. म्हणजे आनीच्या माणसाला कोर्टाच्या किंवा कचेरीच्या कामासाठी जिल्ह्याच्या गावी जायचे तर हा डोंगर ओलांडावा लागतो, आणि हिवाळ्यात बर्फाने वाट बुजली की तेवढ्यासाठी भलामोठा वळसा घालावा लागतो. आम्ही नारकंड्याहून सफरचंदांच्या बागांमधून सतलजच्या काठापर्यंत उतरलो होतो. तिथे, लूहरीच्या पुलापाशी, ऑक्टोबरातही घशाला कोरड पडेल असे ऊन होते आणि नदीचे पाणी सिमेंट कालवल्यासारखे करडे दिसत होते. तिथून जोतापर्यंत दोन हजार मीटरांहून अधिक चढण आहे. आम्ही ती दोन दिवसांत वाटून घेतली होती, आणि दुसऱ्या दिवसाच्या वाट्याला तिचा सर्वांत खडा तुकडा आला होता. या रस्त्यावर एसटीसारख्या सरकारी बसदेखील पहिल्या गिअरमध्ये कण्हत जातात. आणि या रस्त्याचे नाव ऐकताच मुक्कामाच्या ठिकाणचा माणूस आम्हाला म्हणाला होता की सायकल उतरायला ठीक आहे, चढायला कशाला?

माझ्या वडिलांनीही हेच विचारले असते.

वडील मूळचे सासवडचे. साठच्या दशकाच्या शेवटी ते हडपसरच्या एका कारखान्यात लागले आणि पहिली चार वर्षे रोज सायकलवरून दिवे घाट उतरून कामाला गेले आणि संध्याकाळी तोच घाट चढून घरी आले. ती चोवीस इंची काळी सायकल, एकच गिअर, पुढे दिव्याचा डायनॅमो, मागे कॅरिअरला डबा. एका गिअरवर दिवे घाट चढता येत नाही. ते सायकल हाताने ढकलत चढत. कधी एखादा मालट्रक घाटात रांगत असला की मागच्या फळीची लोंबती साखळी डाव्या हाताने धरायची आणि माथ्यापर्यंत ओढत जायचे, ही त्या काळची सर्वमान्य युक्ती होती. हात सुटला तर काय, हा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण बसचा महिन्याचा पास पगाराला परवडत नव्हता. पुढे आम्ही पुण्यात राहायला आलो. नंबर लावून कित्येक वर्षांनी स्कूटर मिळाली, आणि ज्या आठवड्यात ती दारात आली त्याच आठवड्यात वडिलांनी सायकल दूधवाल्याला विकली. मला ती दांडीवर बसल्यावर मांडीला रुतणारी नळी आठवत होती, म्हणून मी रडलो. वडिलांनी मागे वळूनही पाहिले नाही.

पंचेचाळिसाव्या वर्षी मी माउंटन बाइक घेतली तेव्हा ते तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. टायर अंगठ्याने दाबून पाहिला. "मडगार्ड कुठंय?" नव्हते. "स्टँड?" नव्हता. "कॅरिअर? घंटी? दिवा?" यातले काहीही नव्हते. "मग एवढ्यात आहे काय?" मी त्यांना सस्पेन्शन दाबून दाखवले, डिस्क ब्रेक दाखवले. किंमत विचारली तेव्हा मी खऱ्या किमतीच्या निम्मी सांगितली, आणि ती निम्मी ऐकूनही ते म्हणाले की यात सेकंडहँड स्कूटर आली असती. तेव्हा या सायकलीपायी बोललेले खोटे काही खनागच्या चढावर पहिल्यांदा बोललो असे नाही.

आपल्याकडे मुद्दाम कष्ट घेणाऱ्याला कोणी वेडे ठरवत नाही, असे मी त्या चढावर स्वतःशी म्हणत होतो. माझी आजी चौदा वर्षे वारीला गेली. तोच दिवे घाट, आषाढी वारीतला, पालखीच्या रथाला जास्तीच्या बैलजोड्या जुंपलेल्या, खालपासून माथ्यापर्यंत पताका आणि तुळशी वृंदावने, आणि आजी त्या गर्दीत टाचांच्या भेगांना कोकम लावून अनवाणी. तिला कधी कोणी विचारले नाही की बाई, बस नाही मिळाली का? पुण्याहून पंढरपूरला बस होती, रेल्वेही होती. पण वाटेच्या शेवटी विठ्ठल उभा आहे म्हटल्यावर पायांचे दुखणे हा दुसऱ्या जातीचा व्यवहार होतो. तो सगळ्यांना कळतो आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही. मग मला सुचले की जोतावर महाकालीचे मंदिर आहे. "ऊपर माता के मंदिर जा रहा हूँ" एवढे म्हटले असते तर आजींनी हळहळ न दाखवता हात जोडले असते. हे मला तिथेच न सुचता अर्ध्या तासाने सुचले याचे आधी वाईट वाटले आणि नंतर बरे वाटले, कारण ते पहिल्यापेक्षा मोठे खोटे झाले असते. मी मातेसाठी चाललो नव्हतो. कशासाठी चाललो होतो हे मला विचाराल तर मी झाडांकडे बोट दाखवीन, पण तेही पूर्ण उत्तर नाही.

झाडे मात्र होती. सतलजच्या अंगाला खाली चीडची विरळ वने, त्यांच्या पिवळ्या सुयांवरून पाय घसरावा अशी सुकी जमीन. वर येता येता कैल आणि देवदार. त्याहून वर रई आणि तोष, ज्यांच्या फांद्या बर्फ झाडून टाकायला खाली झुकलेल्या असतात. आणि जोताच्या जवळ खरशू. खरशू हा ओकच्या जातीचा वृक्ष, पण त्याला आपल्या ओळखीच्या कुठल्याच झाडाची उपमा चालत नाही. पान वरून काळपट हिरवे, खालून तांबूस सोनेरी, त्यामुळे वारा आला की अख्खी उतरण क्षणभर रंग बदलते आणि पुन्हा हिरवी होते. बुंध्यांवर शेवाळाची गादी, फांद्यांवरून दगडफुलासारख्या करड्या दाढ्या लोंबत असतात. मोटारीतून जाणाऱ्याला हे जंगल म्हणून दिसते. सायकलवरून ते थरांनी अंगाला लागते. एका वळणावर राळेचा उन्हात तापलेला वास, पुढच्या वळणावर ओढ्याचा थंड लोट पोटऱ्यांवर, त्याच्यापुढे कुठेतरी कुऱ्हाडीचा आवाज आणि तो थांबल्यावर कानात आपलेच रक्त. तेवढ्यात लक्षात आले की रस्त्यालगतच्या कित्येक खरशूंच्या फांद्या खोडापर्यंत छाटलेल्या आहेत आणि शेंड्यावर फक्त पानांचा एक झुबका उरला आहे, मुंज लागलेल्या मुलाच्या शेंडीसारखा. हिवाळ्यात गवत संपले की गुरांना खरशूची पाने घालतात, आणि ती तोडायला झाडावर चढतात बहुतेक बायका. ज्या जंगलाने मला इतका वेळ भारून टाकले होते ते कोणाचे तरी कडब्याचे कोठार होते. त्याने माझे भारावणे खोटे ठरले असे मला वाटत नाही, पण ते थोडे चोरटे वाटू लागले हे खरे.

बस अकराला नाही, साडेअकराला आली.

आधी खालच्या वळणांवरून तिचा हॉर्न ऐकू आला, मग इंजिनाची गुरगुर, आणि मी नेहमीप्रमाणे सायकल डोंगराच्या बाजूला घेऊन एक पाय टेकवून उभा राहिलो. बस पुढे जाण्याऐवजी माझ्या बरोबरीने येऊन थांबली. या चढावर बस थांबवणे म्हणजे ड्रायव्हरला पुन्हा पहिल्या गिअरपासून सगळे उरकावे लागते. त्याने ते केले होते. दार उघडून कंडक्टर खाली उतरला, पंचविशीतला, गळ्यात शिट्टी आणि काखेत चामड्याची पिशवी. "चलो भाईजी, साइकिल ऊपर चढा देते हैं." मी गोंधळून त्याच्याकडे पाहत राहिलो. "पीछे अम्मा ने बस रुकवाई थी," तो म्हणाला, "बोली कि आगे एक आदमी साइकिल खींच रहा है, बस छूट गई उसकी, बिठा लेना. पैसे न हों तो भी बिठा लेना."

म्हणजे आजी गवताचा भारा घरी टाकून पुन्हा रस्त्यावर आल्या होत्या, किंवा भाऱ्यासकट तिथेच थांबल्या होत्या. दोन्हींपैकी कुठले खरे हे विचारायचे मला सुचले नाही. बसच्या खिडक्यांतून पंचवीस-तीस चेहरे माझ्याकडे पाहत होते. कुल्लू टोप्या, एक शाळकरी मुलगा, मांडीवर कोंबडी घेतलेली एक बाई. कंडक्टरने सायकलीच्या दांडीला हातही घातला होता आणि टपावरच्या शिडीकडे वळला होता. "नहीं, नहीं, मैं... मैं ऐसे ही जा रहा हूँ," मी म्हणालो. "ऐसे ही मतलब?" त्याने विचारले, आणि त्या प्रश्नात उपहास अजिबात नव्हता, त्याला खरोखरच कळले नव्हते. मी छातीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटलो, बहुधा 'कसरत' असा शब्द त्यात होता. त्याने खांदे उडवले, बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, शिट्टी फुंकली आणि बस धुराचा लोट सोडून निघाली. मागच्या काचेला नाक लावून तो शाळकरी मुलगा मला पाहत होता. त्याच्यासमोर तरी सायकलवर बसावे म्हणून मी पाय मारला, पण ती जागा इतकी खडी होती की तिथून चालू होताच येईना. दोनदा प्रयत्न करून मी शेवटी उतरलो आणि सायकल हाताने ढकलू लागलो. बस वळणाआड जाईपर्यंत त्या मुलाने नजर हटवली नाही.

जोतावर पोहोचलो तेव्हा मित्र राजमा-भात खाऊन फलकाशेजारी फोटो काढून मोकळे झाले होते. ढाब्यांच्या पत्र्यांवर वारा वाजत होता, मंदिराच्या लाल कापडांचा फडफडाट होता, आणि उत्तरेला हिमशिखरांची रांग इतकी स्वच्छ होती की ती खोटी वाटावी. उंचीच्या आकड्यांचे सायकलवाल्यांना भलते वेड असते. आमच्यातले दोघे लेहला जाऊन आलेले आहेत, त्यामुळे जलोडीचे ३,१२० मीटर त्यांना किरकोळ; ते लडाखातल्या खारदुंग ला खिंडीच्या गोष्टी सांगतात, जिथल्या फलकाने कित्येक वर्षे १८,३८० फूट हा आकडा मिरवला आणि जिथली जीपीएसने मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे आठशे-एक फुटांनी कमी, भरते. तेव्हा फलकांनाही थोडेफार खोटे बोलावे लागते. जलोडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास उरतो. तेवढ्याने मरण येत नाही, पण दोन वाक्ये सलग बोलली की तिसऱ्यासाठी थांबावे लागते. मी मित्रांना बसचा प्रसंग सांगितला. ते खूप हसले. मीही हसलो, आणि हसताना अक्रोडाचा कडवटपणा पुन्हा जिभेवर आल्यासारखे झाले.

जोताच्या दक्षिणेला पडलेला पाऊस सतलजमध्ये जातो आणि उत्तरेला पडलेला बंजारच्या तीर्थनमधून बियासमध्ये. ती दोन पाणी पुढे पंजाबात हरिकेला पुन्हा भेटतात. हे कळल्यावर आमच्यातल्या एकाने खिंडीच्या बरोबर मध्यावर बाटली उपडी केली आणि कुठले पाणी कुठे वाहते ते पाहू लागला. सगळे पाणी एकाच खड्ड्यात जमा झाले.

उताराबद्दल मात्र थोडे खोलात सांगायला हवे, कारण आमच्या या छंदाचा जन्मच उतारासाठी झाला आहे. १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या मारिन परगण्यात, टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात, काही तरुणांनी जुन्या जड सायकलींवरून मातीच्या रस्त्याने खाली सुटण्याची शर्यत सुरू केली. तिचे नाव पडले रीपॅक. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या तुंब्यात असे, पायडल उलटे दाबले की लागणारा. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई आणि पुढच्या फेरीआधी तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे, म्हणून रीपॅक. आणि मला या गोष्टीतला सर्वांत आवडणारा भाग हा की ते लोक सायकली वर न्यायचे त्या कित्येकदा छोट्या ट्रकच्या हौद्यात टाकून. वर चढण्याजोगे गिअर असलेली खास सायकल त्यानंतर घडत गेली. म्हणजे आमच्या पंथाच्या आद्यपुरुषांना खनागच्या आजींनी बसमध्ये बसवले असते तर ते आनंदाने बसले असते.

जलोडीहून शोजाकडे उतरणारा रस्ता तेव्हा खड्ड्यांचा आणि सुट्या खडीचा होता, आणि मी मनातल्या मनात त्या कंडक्टरशी वाद घालत उतरत होतो, त्यामुळे जे करू नये तेच केले: दोन्ही ब्रेक सतत धरून ठेवले. ब्रेक आळीपाळीने मारायचे असतात, थोडा पुढचा, थोडा मागचा, मधे मोकळे सोडून, म्हणजे ब्रेकच्या चकतीला गार व्हायला वेळ मिळतो. माझे वजन, सायकलीचे, सामानाचे मिळून पंचाण्णव किलो धरले आणि ते हजार मीटर खाली आणले, तर त्यातून निघणारी सगळी उष्णता पावणेतीन लिटर थंड पाणी उकळायला पुरेल. त्यातली काही वारा घेतो, उरलेली हातभर अंतरावरच्या त्या दोन पातळ पोलादी चकत्यांनी झेलायची. चौथ्या की पाचव्या वळणावर करपलेल्या रबरासारखा वास आला. त्याच्या पुढच्या वळणावर मागच्या ब्रेकची मूठ दाबली ती लोण्यात बोट जावे तशी हँडलपर्यंत गेली आणि चाकावर काहीच परिणाम झाला नाही. तापून ब्रेकमधल्या तेलात बुडबुडे झाले होते. पुढच्या ब्रेकवर, पाय जमिनीला घासत, मी एका देवदाराच्या मुळाशी थांबलो तेव्हा गुडघे माझे नसल्यासारखे थरथरत होते. चकतीवर निळसर जांभळा पट्टा चढला होता, मोरपिसातला असतो तसा. तिच्यावर थुंकी टाकली तर चर्र झाले. अर्धा तास मी तिथे बसून राहिलो. पायाखाली सुयांची मऊ गादी होती, खालून घंटांचा आवाज येत होता, आणि त्या अर्ध्या तासात शेजारून गेलेल्या प्रत्येक गाडीकडे मी कोणीतरी थांबेल का अशा नजरेने पाहत होतो. कोणी थांबले नाही. हळूहळू मूठ पुन्हा घट्ट झाली आणि मी उतरलो, गोगलगाईसारखा, जिभी गावापर्यंत.

रात्री जिभीत ओढ्याच्या आवाजात नीट ऐकू यावे म्हणून आवारात उभा राहून मी घरी फोन केला. ब्रेकचे सांगितले नाही. आजींचे आणि बसचे सांगितले. वडील सगळे ऐकून म्हणाले, "मग बसायचं की. सायकल टपावर गेली असती." मी म्हणालो की चढायचे म्हणूनच तर आलो होतो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी मला कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगितली: एकदा पावसात, दिवे घाटात, कांद्याने भरलेला एक ट्रक त्यांच्यासाठी आपणहून थांबला होता. सायकल पोत्यांवर टाकली आणि ते स्वतः पोत्यांत बसून माथ्यापर्यंत गेले. ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत. "दोन दिवस अंगाला कांद्याचा वास येत होता," ते म्हणाले. "त्याला मी नाही म्हणालो नव्हतो." आणि मग एकदम, "किती पडले होते रे त्या सायकलीला? खरं सांग आता." मी खरे सांगितले. ओढा वाहत राहिला. "जपून ये," एवढे बोलून त्यांनी फोन आईकडे दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंजारच्या स्थानकाजवळ आम्ही चहाला थांबलो. स्लेटच्या छपरांवर मका वाळत टाकला होता आणि कोवळ्या उन्हात अख्खे गाव नारिंगी दिसत होते. स्थानकात कुल्लूहून परतणारी बस उभी होती आणि चहाच्या टपरीवर तोच कंडक्टर, काखेत तीच पिशवी, पेल्यात बनपाव बुडवत होता. मी तोंड फिरवायच्या आत त्याने मला ओळखले. "अरे, ऐसे ही वाले भाईजी!" तो मोठ्याने म्हणाला, आणि टपरीवाला हसला. आम्ही थोडे बोललो. जोतावर रात्री हलका बर्फ भुरभुरला होता म्हणे. मग पेला खाली ठेवता ठेवता त्याने विचारले, "अब वापस उधर से ही निकलेंगे. अम्मा रास्ते पर मिलेगी, पूछेगी ज़रूर. क्या बोलूँ?"

मी विचार करत राहिलो. त्या दोन अक्रोडांची, त्या थांबवलेल्या बसची भरपाई होईल असे, शौक आणि कसरत आणि माता यांपैकी कुठल्याच शब्दाचा आधार न घेता सांगता येईल असे काहीतरी हवे होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"बोल देना," मी म्हणालो, "पहुँच गया."

"बस, इतना ही?"

"इतना ही."

त्याने मान हलवली, पिशवी काखेत सारखी केली आणि शिट्टी तोंडात धरून चालत्या बसच्या दारात उडी मारली. बस स्थानकातून बाहेर पडून जोताच्या रस्त्याला लागली. पहिल्याच चढावर ड्रायव्हरने गिअर बदलल्याचा आवाज टपरीपर्यंत ऐकू आला.